थंडीतला चीक

सर, तुमचं सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मला हसू आलं, हे आधी सांगून टाकते. काकूंनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या, म्हणून जरा बरं वाटलं. नातेवाईक एकेक करून पुढे येत होते, तुमच्या हेमंतच्या डोक्यावर टोपी ठेवत होते, खांद्यावर टॉवेल टाकत होते. हेमंत दर वेळी टोपी काढून मागे ठेवायचा आणि पुढच्या माणसासाठी डोकं मोकळं करायचा. त्याच्यामागे पांढऱ्या टॉवेलांचा ढीग वाढत गेला आणि माझ्या मनात आलं, सर असते तर या ढिगाशेजारी बसून प्रत्येक टॉवेलाचं टोक चुरगळून पाहिलं असतं. 'सुती शे का मिक्स शे, दख बरं.' मला ओढणी तोंडावर धरावी लागली. बाजूच्या बाईंना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी खरंच रडले.

जेवणं आटोपल्यावर हेमंत मोठी पिशवी घेऊन आला. "ताई, आई म्हणते यातले सुती तेवढे तुम्ही घेऊन जा. बाबांनी तेच केलं असतं." आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. दुखवट्याचे टॉवेल बापाच्या विद्यार्थिनीला कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. केळीच्या डागावर पीएचडी करणाऱ्या मुलीला पांढरं सुती कापड सतत लागतं, आणि आपल्याकडे लग्नकार्यात मिळणाऱ्या टॉवेल-टोपीएवढं सुती कापड दुसरीकडे कुठे आपसूक जमत नाही, हे त्यांना तिथे कसं समजावणार? पिशवी घेतली आणि निघाले.

तुम्ही जाऊन आता दोन महिने होत आले. कॉलेजच्या अंकासाठी तुमचा जन्म, शिक्षण, शोधनिबंध, पुरस्कार हे सगळं विभागातल्या चौधरी मॅडमनी लिहून दिलंय, आणि चांगलं लिहिलंय. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. त्या भांडणापायी परवा मी एक उद्योग करून ठेवलाय, आणि त्यावरून सगळे माझ्यावर चिडलेत. तुमच्या कानावर तो घातलाच पाहिजे.

पहिल्या दिवशी आबा माझ्याबरोबर असोद्याहून धुळ्याला आले होते. पोरीचा गाइड कसा माणूस आहे ते बघायला येतो असं काही म्हणाले नाहीत, पण आले त्याचसाठी. मी फाइल उघडून नॅनोपार्टिकल्सवर सुरू झाले. तेव्हा जो उठे तो नॅनोपार्टिकल्स करत होता, मीही तेच पाठ करून आले होते. तुम्ही मान हलवत होतात, पण नजर होती आबांच्या बाहीवर. आबांनी ठेवणीतला सदरा घातला होता आणि त्याच्या बाहीवर एक तपकिरी डाग होता. असोद्यात केळीत जायचे कपडे वेगळे असतात, कारण केळीचा चीक एकदा लागला की तो कपडा फाटेपर्यंत निघत नाही. तरी चांगल्या कपड्यांत बागेत शिरणारा एखादा माणूस दर घरात असतोच, आमच्याकडे तो आबा.

"हा डाग कधीचा?" तुम्ही विचारलंत.

आबा ओशाळले. "जुना हाये सर. इच्या मामाच्या लग्नाच्या दिवशी जरासा बागेत गेलो होतो."

"काय काय लावून पाहिलंत?"

आबांनी सांगायला सुरुवात केली. रॉकेल, धुण्याचा सोडा, बाजारातली डाग घालवायची पूड. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाइल मांडीवर उघडी, आणि माझा होणारा गाइड माझ्या बापाच्या बाहीला नाक लावून डाग हुंगतोय. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "काब्र जात नही व्हई व हाऊ डाग?"

वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, इंग्रजी त्याहून नीटनेटकं. पण खराखुरा प्रश्न पडला की अहिराणीवर यायचात. तुमचं 'काब्र' म्हणजे आपलं 'का बरं', पण ते तुम्ही अशा काही चवीनं म्हणायचात की ऐकणाऱ्याला आपल्याच अज्ञानाची मजा वाटायला लागे. मी त्या डागांमध्ये जन्मले, वाढले. माझ्या शाळेच्या फ्रॉकवर ते होते, घरातल्या पायपुसण्यावर होते. रसायनशास्त्रात एमएस्सी झाले, पहिला वर्ग मिळवला, पण हा डाग जात का नाही असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बसमध्ये परत जाताना आबा म्हणाले, "माणूस जरा येडा हाये. पण शिकवीन तुले." आणि सदऱ्याची बाही दुमडून घेतली.

मग बघायला लागले तर नवलच होतं. केळीचा खांब कापला की चीक निघतो तो पाण्यासारखा, स्वच्छ. कापडावर पडला तर पाण्याचा थेंब पडला असं वाटावं. थोड्या वेळानं त्याला पिवळट झाक येते, मग तपकिरी, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर काळपट. बाहेरून कोणी रंग आणून टाकलेला नाही. मग तो येतो कुठून? मी तासन्‌तास नुसती त्या थेंबाकडे बघत बसायची. लॅबमधली इतर मुलं महागड्या मशिनांवर नंबर लावायची, आणि मी टॉवेलच्या तुकड्यापुढे मांडी घालून. तुम्ही येऊन शेजारी बसायचात आणि आपण दोघं एक थेंब तपकिरी होताना बघायचो. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते, सर. तेव्हा कळलं नाही, असं म्हणणार नाही. तेव्हाही कळत होतं.

आणि मग खळीचं प्रकरण. ते आठवलं की अजूनही कान गरम होतात. घरातले टॉवेल-टोप्या कापून मी एकसारखे तुकडे केले, त्यावर चीक टाकला, किती वेळात किती रंग चढतो ते मशिनवर मोजलं, आणि आकडे असे देखणे आले की आलेखावर सरळ रेघ. मी पेढे आणायच्या बेतात होते. तुम्ही आलेख बघून म्हणालात, "निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो." मग माझ्या गठ्ठ्यातला एक तुकडा उचलून त्यावर आयोडीनचा थेंब टाकलात. तुकडा निळाकाळा झाला. स्टार्च. बारावीच्या पोरालाही माहीत असलेली परीक्षा. टॉवेल कोरे होते, दुकानातल्या खळीसकट. इतके महिने मी चीक आणि कापड यांचं नातं मोजत नव्हते, चीक आणि खळ यांचं मोजत होते.

मला रडू फुटलं आणि तुम्ही खो खो हसत सुटलात. इतके, की शेजारच्या लॅबमधून लोक आले. मला राग आला, तर म्हणालात, "अगं, ही चूक पुण्या-मुंबईतल्या पोरीला करताच आली नसती." खरंच होतं. मानाचं कापड कोरंच द्यायचं, कोरंच घ्यायचं. धुतलेलं कापड कोणाच्या खांद्यावर टाकलं तर तो अपमान. लहानपणापासून घरात तेच बघितलेल्या मुलीला, प्रयोगासाठी टॉवेल आधी धुवावा हे सुचणार कुठून? मी त्या कापडाचा मान राखला, आणि त्यानं माझी फजिती केली. मग तुम्ही बाह्या वर केल्यात, दोन बादल्या मागवल्यात, आणि विभागप्रमुख असलेला माणूस लॅबच्या बेसिनपाशी माझ्याबरोबर टॉवेल खळबळायला लागला. त्यानंतर तुम्ही ज्या ज्या लग्नाला गेलात तिथली टॉवेल-टोपी धुऊन, वाळवून माझ्या टेबलावर आणून ठेवायचात. काकू म्हणायच्या, आमच्या घरात पाहुण्यांना हात पुसायला काही उरलं नाही.

आता मूळ भांडण.

माझं म्हणणं, हा काळा रंग लोखंडाचा. चिकात जे तुरट द्रव्य असतं ते लोखंडाला भेटलं की काळं पडतं, आणि आमच्या बागेत लोखंड पहिल्यांदा भेटतं ते विळ्याच्या पात्याचं. विळ्यानं कापलेला चीक काळा होतो, काचेच्या धारेनं कापलेला नुसता तपकिरी राहतो. मी दाखवलं होतं तुम्हाला. तुमचं म्हणणं, हवा. कापलेलं सफरचंद लाल पडतं, बटाटा काळा पडतो, तसंच हे. झाडाच्या अंगातच एक किण्वक, म्हणजे एन्झाइम, आहे आणि हवा लागली की ते कामाला लागतं. विळा उगाच बदनाम.

मी बाटलीतली हवा काढून नायट्रोजन भरला आणि त्यात विळ्याचा चीक ठेवला. तरी काळा झाला. मी नाचायचीच बाकी होते. तुम्ही म्हणालात, "झाकण लावेपर्यंत त्यानं श्वास घेतला ना." मी म्हटलं, "सर, तुम्ही हरलात की असंच काहीतरी काढता." तुम्ही म्हणालात, "आणि तू जिंकलीस की बघणं बंद करतेस." त्या दिवशी चहाही वेगवेगळ्या टपरीवर प्यालो. लॅबमधल्या मुलांनी आपल्याला टोपणनावं दिली होती, ठाऊक आहे ना? तुम्ही दारात दिसलात की कोणीतरी हळूच म्हणायचं, हवा आली. मी आले की लोखंड.

त्या लोखंडापायी मी एसटीतून विळा घेऊन जायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा, बर्फाच्या डब्यात चिकाच्या बाटल्या. एकदा पारोळ्याजवळ कंडक्टरनं हटकलं, "ताई, हे काय?" मी म्हटलं, पीएचडी. त्यानं मागच्या रिकाम्या सीटवर नेऊन बसवलं आणि धुळे येईपर्यंत माझ्याकडे अधूनमधून बघत राहिला. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "विळा कागदात गुंडाळला होतास, तो कागद काळा पडला का?" मला तर बघायचं सुचलंही नव्हतं.

मग निघाली थंडीची गोष्ट. तुमचं म्हणणं, माझे सगळे नमुने उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले. थंडीत किण्वक सुस्तावतं, लोखंडाला मात्र थंडीचं काही वाटत नाही. तेव्हा कडाक्याच्या थंडीत कापून बघ. डाग तेवढाच पटकन काळा झाला तर तू खरी, रेंगाळला तर मी. मी म्हटलं, त्यात काय, चीक फ्रिजमध्ये ठेवते आणि मोजते. मोजलाही. आकडे माझ्या बाजूनं आले. तुम्ही ते बघितलेत आणि कागद परत केलात. "फ्रीज म्हणजे हिवाळा नव्हे. फ्रिजमध्ये तू कापलेला चीक गार करतेस. हिवाळ्यात झाडच गारठतं. गारठलेलं झाड अंगात काय काय बनवतं, हे तुला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. मग?"

या 'मग'वर मी चिडले. तुम्ही हट्टी आहात, माझी वर्षं वाया घालवताय, असंही बोलले बहुतेक. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी येसु असोद्याले. मंगच कापजो." तुम्हाला ते स्वतः बघायचं होतं. आबांच्या बागेत, गारठलेल्या झाडाचा पहिला थेंब.

थंडी पडली तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. आबांचा फोन यायचा, "रूपा, लय गारठलं हे. केयीची पानं पिवळी पडून राह्यली. कापायचं नाही का तुले?" मी सांगायची, सर येणार आहेत, थांबा. आबांना वाटायचं मी टाळतेय. मला वाटायचं, डॉक्टर म्हणतात आठवडाभरात घरी सोडतील, मग हळूहळू गाडीनं नेऊ, बागेच्या कडेला खुर्ची टाकू, काकूंनाही घेऊ. त्या बेतात मी इतकी रमले होते की थंडी कधी सरली ते कळलं नाही. तुम्ही तिथे पडल्या पडल्या नर्सना छळत होतात. सलाइनच्या बाटलीवरचं वाचून त्यातलं मीठ नेमकं एवढंच का, हे विचारत होतात. एका नवख्या डॉक्टरला तुम्ही विचारलंत की हिरव्या दिव्यात माझी लघवी वेगळी दिसते का, आणि तो बिचारा खरंच विचारात पडला.

शेवटचे आपण भेटलो त्या दुपारी मी प्रबंधातलं लोखंडाचं प्रकरण घेऊन आले होते. वाचून दाखवत होते. तुमचे डोळे मिटलेले. मी थांबले, तर डोळे न उघडता म्हणालात, "तुझंच लिही."

मी म्हटलं, "म्हणजे पटलं?"

तुम्ही हात किंचित हलवलात. हो म्हणून, का जाऊ दे म्हणून, का सुई टोचत होती म्हणून, कोण जाणे. नर्स आली, मला बाहेर जावं लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाशी बोलण्याच्या पलीकडे गेला होतात.

सर, हे तुम्ही बरं केलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक वाक्यावर अडवलंत आणि शेवटी एक वाक्य असं बोलून गेलात की त्याचा अर्थ लावत मी जन्मभर बसेन. तुम्हाला पटलं होतं? का दमला होतात? का तुम्हाला वाटलं, ही पोर अडकून पडायला नको, माझ्यामागे कोण हिची बाजू घेईल, लिहून मोकळी होऊ दे? तिसरं असेल तर मला फार भरून येतं आणि फार रागही येतो. तुम्ही माझ्यावर दया कधी केली नव्हतीत. तेच मला आवडायचं.

आता परवाचा उद्योग. प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण होतं. तुमच्या जागी गाइड म्हणून चौधरी मॅडम. बाहेरून एक मोठे प्राध्यापक आले होते, भला माणूस. नरडाण्याच्या एका कारखान्यानं मला त्यांच्या लॅबमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, प्रबंध दिलेला हवा. म्हणजे परवा समितीनं मान हलवली की महिन्याभरात प्रबंध जाणार आणि पावसाळ्यात मी नोकरीवर. सगळं जुळून आलं होतं.

मी बोलत गेले. खळ धुतल्याचं सांगितलं, पाहुणे हसले. विळा आणि काच यांची चित्रं दाखवली. मग ती स्लाइड आली, काळ्या रंगाचं कारण लोखंड. मी थांबले. तुम्हाला ठाऊक आहे, या ठिकाणी मी नेहमी थांबते, कारण या ठिकाणी तुम्ही बोलता.

कोणीच बोललं नाही. पाहुण्यांनी मान डोलावली. "छान. पुढे?"

सर, मला इतका संताप आला. ज्या वाक्यासाठी आपण वेगवेगळ्या टपरीवर चहा प्यालो, ते वाक्य या माणसानं एका 'छान'मध्ये गिळलं. माझं म्हणणं कोणी न भांडता मान्य करावं हे मला सहनच झालं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही विचारणार नाही का, की हे सगळे नमुने उन्हाळ्या-पावसाळ्यातलेच कसे?"

त्यांनी चष्मा काढला. "हिवाळ्यातले नाहीत?"

"नाहीत. आणि हिवाळ्यात झाड गारठतं, तेव्हा चीक वेगळा असू शकतो. तसं असेल तर हे प्रकरण चुकीचं आहे."

"चुकीचं आहे का?"

"माहीत नाही. मला वाटतं, बरोबर आहे. पण आमचे सर असते तर त्यांनी इथून पुढे जाऊ दिलं नसतं."

चौधरी मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "रूपाली, सर आता नाहीत."

"म्हणून तर," मी म्हटलं. आणि मग स्वतःच्याच प्रबंधाविरुद्ध तुमची बाजू मांडायला लागले. किण्वक, बटाटा, बाटलीचं झाकण, गारठलेलं झाड, सगळं. मधेच माझ्या लक्षात आलं की मी हात तुमच्यासारखे हलवतेय. शेवटी पाहुणे म्हणाले, तुम्ही म्हणाल तर आम्ही आज मान्यता देतो, तुम्ही म्हणाल तर मुदतवाढ देतो, तुमचं काय ते ठरवा. मी मुदतवाढ मागितली. येत्या हिवाळ्यापर्यंत.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "अगं, 'पुढील संशोधनाची दिशा' म्हणून शेवटी दोन ओळी टाकायच्या असतात. जगभर तेच करतात." मी म्हटलं, त्या दोन ओळींचं संशोधन जगात कुणीच करत नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाईट नाहीत, सर. त्यांना माझी काळजी आहे, आणि तुमची मुलीसारखी विद्यार्थिनी त्यांच्या हाताखाली येऊन अडकली असं लोक म्हणतील याचीही भीती आहे. कारखान्याला मी स्वतःच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तोवर जागा ठेवता येणार नाही. मी समजू शकते म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र समजूतदारपणा टिकला नाही.

आबांना सांगितलं, तर म्हणाले, "लोकं इचारतात, पोरीचं झालं का. मी काय सांगू त्याहिले?" म्हटलं, सांगा थंडीची वाट बघतेय. "केयीसाठी आम्ही थंडी नको म्हणतो," आबा म्हणाले, "आणि तू वाट पाह्यतं." रागावलेत. बोलतात, पण रागावलेत. घडाचा भाव आणि पोरीचं वय या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात नाहीत, आणि थंडीची वाट बघून दोन्हींत मी आडवी आलेय.

काल मुद्दाम काकूंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या, मीही बसले. सगळं सांगितलं आणि विचारलं, सर शेवटी 'तुझंच लिही' म्हणाले, ते पटलं म्हणून की दमले म्हणून? काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "माले काय ठाऊक व? मनासंगे इतला वरीस भांडनात, एकदाबी 'तुनं खरं' म्हणनात नही." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "तुलेच म्हणनात." तेवढ्यापुरता मला त्यांच्या बोलण्यात हेवा जाणवला, आणि मग दोघी पुन्हा मेथी निवडायला लागलो. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथेही मिळालं नाही.

तर सर, तुमची शेवटची सूचना मी पाळलेली नाही. तुमचं निमूट ऐकायची सवय तुम्हीच मला लागू दिली नाहीत, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. आणि एक सांगते. तुमच्यावर माया आहे म्हणून मी बाजू बदललेली नाही. अजूनही मला लोखंडच जिंकायला हवंय. तुमची हार बघायची माझी हौस अजून फिटलेली नाही. पण तुम्ही अंथरुणावर डोळे मिटून दिलेला विजय मला नको. थंडी पडली की आबांच्या बागेत जाईन आणि कापेन. तुमच्या बाजूनं बोलायला तिथे कोणी नसेल, तेव्हा तेही मीच बोलेन, इतक्या वर्षांत ते मला पाठ झालंय. डाग पटकन काळा झाला तर माझं प्रकरण आहे तसं जाईल. रेंगाळला तर ते फाडून पुन्हा लिहीन, आणि पहिल्या ओळीत लिहीन की मी चुकले होते.

काहीही झालं तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटेल. सगळे म्हणतात, तोवर तुम्ही नसल्याची मला सवय झालेली असेल.

मला नाही तसं वाटत.